चारकान्या

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. पण तुम्ही डॉक्टरांच्या गळ्यात बघता ना, तसला नव्हे हं! त्याला कान दोनच. मला चार आहेत. खाली छातीवर टेकवायची चकती एक, आणि वर नळीला फाटे फुटून कानात घालायच्या जोड्या दोन. एक जोडी शिकवणाऱ्याच्या कानात, दुसरी शिकणाऱ्याच्या. दोघांनी एकाच वेळी एकच छाती ऐकायची. नर्सिंग कॉलेजातल्या मुली मला चारकान्या म्हणतात. कुणाला ते नाव चिडवल्यासारखं वाटेल, मला मात्र ते पदवीसारखं वाटतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुणी माझ्या रबरी नळ्या कापल्या, कुणी स्टीलच्या काड्या वळवल्या, कुणी चकतीवर पातळ पडदा ताणून बसवला. शेवटी मी तपासणीच्या टेबलावर आलो. तिथल्या बाईंनी चकती स्वतःच्या छातीवर धरली, एक जोडी आपल्या कानात घातली आणि दुसरी शेजारणीच्या कानात खुपसली.

"ऐक गं जरा, माझं चालू आहे ना?"

"अगं बाई! चालू कसलं, पळतंय! सकाळी नवऱ्याशी भांडून आलीस वाटतं?"

दोघी पोट धरून हसल्या आणि ते हसू माझ्या चकतीतून चारही कानांत एकदम घुमलं. मी ऐकलेला हा पहिला आवाज. एवढ्या थाटात माझं बारसं झालं, मग मी थोडा मिजासखोर निघालो तर त्यात माझा काय दोष?

कारखान्यातून मी थेट नर्सिंग कॉलेजात आलो. प्रॅक्टिकलच्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात माझ्या शेजारी हुकाला लटकलेला हाडांचा सापळा, उघडझाप करता येणारं प्लास्टरचं हृदय आणि इंजेक्शनच्या सरावासाठी एक रबरी हात. मंडळी चांगली होती, पण खोलीबाहेर कुणी पाऊल टाकलं नव्हतं. वॉर्डात जायचा मान फक्त माझा! परत आलो की सापळा माझ्याकडे अशा नजरेने बघायचा, की विचारू नका.

वॉर्डात मी काय काय ऐकलं! न्यूमोनियाने भरलेली छाती ऐकली. कानाशी केस धरून चिमटीत चोळले तर जसा बारीक चरचर आवाज येतो, अगदी तसाच तिच्यात येतो. हृदय थकलं की फुफ्फुसात पाणी साचतं, आणि त्या बिचाऱ्या माणसाला उशांवर उशा रचून बसल्या बसल्या झोपावं लागतं, हेही मी जवळून पाहिलं. पहिल्यांदा चकती टेकवताना मुली बावरून जायच्या. शेजारी मॅडमच्या कानात माझी दुसरी जोडी असायची, तेवढाच त्यांना धीर.

मॅडम म्हणजे पारा मॅडम. हे नाव मुलींनीच ठेवलेलं. त्यांच्या रागाचा पारा कधी चढेल याचा नेम नसायचा आणि उतरायलाही वेळ लागायचा नाही. पण शिकवायच्या जीव तोडून. "आधी डोळे भरून बघा," त्या सांगायच्या, "पेशंट बसलाय कसा, ओठांचा रंग काय, बोलताना दम लागतो का. मग हात लावा. मग बोटाने ठोकून बघा. आणि सगळ्यात शेवटी चारकान्या." शेवटी म्हटलं म्हणून मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. मानाचा पाहुणा शेवटीच येतो.

पुढे दिवस पालटले. मुलींकडे स्वतःचे नाजूक, रंगीत स्टेथोस्कोप आले. बोटाला चिमटा लावला की रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसायला लागला. माझी नळी जाड आणि वजन चांगलंच. मला कोण गळ्यात घालून मिरवणार? मी कपाटात मागे सरकत सरकत सापळ्याच्या पायाशी जाऊन पडलो. धूळ बसली, कानाचं एक टोक कडक झालं. मला फार लागलं ते. जो ऐकण्यासाठी जन्मला, त्याच्याशी कुणी बोलेनासं व्हावं, यासारखं दुःख नाही हो! पण पारा मॅडमनी एक दिवस कपाट आवरायला काढलं, मला बाहेर ओढून पुसलं, कडक टोक बदललं आणि म्हणाल्या, "नव्या मुलींची तुझ्याशिवाय खोड मोडायची नाही, बाबा."

ती खोड कुठली, ते आता सांगतो. "ऐकू आलं का?" असं विचारलं की ऐकू येवो न येवो, नव्या मुली मान डोलावून मोकळ्या होतात. नाही म्हणायची लाज वाटते. यावर मॅडमनी एक युक्ती काढली होती. मुलीने चकती टेकवली, की मॅडम नळी सरळ करायचं निमित्त करून तिच्या बाजूचा फाटा दोन बोटांत गच्च दाबून धरायच्या. आवाज जाणार कुठून? मग अगदी गोड आवाजात विचारायचं, "आलं ऐकू?"

त्या वर्षी वर्गात एक चुणचुणीत मुलगी होती. तिची आई एका ऑफिसात साफसफाईचं काम करायची आणि 'माझी पोरगी सिस्टर होणार' असं गल्लीतल्या प्रत्येकाला अडवून सांगायची. कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या आत्याचं म्हणणं वेगळं होतं. 'ते शिक्षण तिला झेपायचं नाही. एक वर्ष जरी गेलं, तरी तिने सरळ माझ्या दुकानात येऊन बसायचं.' हो-ना करता करता तसं ठरलंही होतं. एकदा नापास, की कॉलेज बंद.

वर्गात मुली एकमेकींच्या छातीवर सराव करत होत्या. हिची पाळी आली. मॅडमनी नळी दाबली.

"आलं ऐकू?"

"हो, मॅडम."

"कसं वाटलं?"

आता नुसतं 'धडधड' म्हणून गप्प बसावं की नाही? पण पोरीला बोलण्याची हौस भारी. "लांब कुठे तरी कुणी पाटावर कपडे आपटतंय ना मॅडम, तसं. आणि मधेच जरासं थांबल्यासारखं."

मॅडमनी हात वर करून दाबलेली नळी सगळ्या वर्गाला दाखवली. काय हशा पिकला! तसं पाहिलं तर मॅडमनी ज्या ज्या मुलीची नळी दाबली होती, ती प्रत्येक मुलगी 'हो' म्हणाली होती. पण हिच्याइतकं रसभरीत वर्णन कुणी केलं नव्हतं. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं मैना. बिचारीचे कान लालबुंद झाले. माझीच टोकं होती ना त्यांत, मला त्यांची ऊब कळली.

त्या प्रकाराने तिच्या मनाने अशी काही धास्ती घेतली, की ती दुसऱ्याच टोकाला गेली. वॉर्डात मॅडम विचारायच्या, "आलं?" मैना म्हणायची, "नाही, मॅडम." खरं तर आवाज तिच्या कानापर्यंत पोचलेला असायचा, मीच तर पोचवायचो! पण आपण खरंच ऐकलं की नुसतं वाटलं, याची तिला खात्री होत नव्हती. आणि खात्री नसताना हो म्हणायचं नाही, अशी शपथच घेतली होती तिने. ती 'नाही' म्हणाली, की मला नळीला पीळ पडल्यासारखं व्हायचं.

मॅडमचा पारा चढला. "आधी न ऐकता ऐकलंस, आता ऐकून नाही म्हणतेस! असल्या मुलीच्या हातात मी पेशंट कसा देऊ? या वॉर्डातल्या शेवटच्या दिवशी तुला एका छातीशी नेईन. आवाज ओळखलास तर पुढचं वर्ष. नाही ओळखलास तर हेच वर्ष परत."

हेच वर्ष परत म्हणजे आत्याचं दुकान. मैनेने घरी आईलाही काही सांगितलं नाही.

शेवटचा दिवस उजाडला. सकाळीच एक भट्टीवाले काका वॉर्डात भरती झाले. त्यांची पावाची भट्टी होती. रोज पहाटेपासून मैदा चाळायचा, मळायचा. ते पीठ नाकातोंडात जाऊन जाऊन त्यांचा दमा बळावला होता. आल्यापासून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून बसले होते. छातीतून अशी शीळ येत होती, की ती ऐकायला माझी गरजच नव्हती. दारात उभं राहूनही ऐकू येत होती.

पारा मॅडम मैनेला हळूच म्हणाल्या, "दगडालाही ऐकू येईल अशी छाती मी तुझ्यासाठी निवडली आहे. दुपारी हीच विचारणार." बघा, पारा असला तरी जीव लावणारा होता.

मैनेने सकाळभर काकांची नीट विचारपूस केली. दम कधी लागतो, पिठाजवळ गेलं की वाढतो का, पायऱ्या चढवतात का, रात्री झोप लागते का. काका दोन-दोन शब्दांनंतर थांबून उत्तर देत होते. शेजारी बसलेल्या काकूंना मधे बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. "मी सांगते सिस्टर, यांना किती वेळा म्हटलं, नाकाला फडकं बांधा. तर म्हणे फडकं बांधून पावाला वास कसा कळायचा!"

"वासावरच तर... भट्टी... चालते," काका म्हणाले आणि त्यातही हसले. डॉक्टर येऊन गेले, औषध सुरू झालं, मशीनची वाफ दिली गेली.

दुपार झाली. डॉक्टर शेजारच्या वॉर्डात गेले होते आणि वॉर्डच्या मोठ्या सिस्टर पलीकडच्या टोकाला एका नव्या पेशंटमध्ये गुंतल्या होत्या. बोटाला लावायचा चिमटाही तिकडेच होता. इकडे भट्टीवाल्या काकांच्या खाटेपाशी सगळं शांत होतं. मैना मला घेऊन आली, तेव्हा काकूंचा चेहरा खुलला होता.

"शिट्टी थांबली बरं का, सिस्टर. आत्ताच जरा डोळा लागतोय त्यांचा."

वर्गातली पहिली येणारी मुलगी, जिला सगळे टॉपर म्हणायचे, ती मैनेची मैत्रीण होती. ती कानाशी येऊन कुजबुजली, "अगं, उत्तर माहीतच आहे. शीळ, दोन्ही बाजूंना. तेवढं म्हण आणि मोकळी हो."

मग पारा मॅडम आल्या. खाटेच्या कडेला उभ्या राहिल्या आणि मैनेकडे बघत म्हणाल्या, "हं. ऐक आणि सांग."

मित्रांनो, इथे लक्ष द्या. मॅडम मैनेकडे बघत होत्या. टॉपर मैनेकडे बघत होती. काकूही कौतुकाने मैनेकडेच बघत होत्या. परीक्षा होती ना! त्या घटकेला काकांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. होतं ते फक्त मैनेचं आणि माझं.

काका उशीवर पुढे कलून बसले होते. तिने चकती त्यांच्या पाठीवर टेकवली. मी जिवाचे कान केले. काही नाही. ती चकती बाजूला सरकवत गेली, मग खाली, मग दुसऱ्या बाजूला. काहीच नाही! खांदे वर-खाली होत होते, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. एवढी सगळी धडपड, आणि आत सामसूम. इतक्या वर्षांत अशी छाती मी पहिल्यांदाच ऐकली. माझ्या चकतीला घाम फुटत नाही म्हणून, नाही तर फुटला असता.

आता मैनेपुढे काय वाढून ठेवलं होतं बघा. 'शीळ' एवढा एक शब्द उच्चारला की पुढचं वर्ष तिचं. तो शब्द मॅडमच्या मनात होता, टॉपरने कानात सांगितला होता, सकाळी तिने स्वतःही ऐकला होता. आणि 'ऐकू येत नाही' म्हटलं, तर तेच जुनं रडगाणं, मग आत्याचं दुकान. ती मला उचलून स्वतःच्या छातीवर टेकवते काय! मी लगेच आवाज पोचवला, धाड धाड धाड, घाबरलेल्या पोरीचं हृदय. तिने मान वर केली.

"मॅडम, मला काहीच ऐकू येत नाही."

"परत तेच?" पारा चढायला लागला. "अगं, सकाळी दारातून ऐकू येत होतं!"

"सकाळी येत होतं. आता नाही येत." तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "नळी ठीक आहे मॅडम, माझे कानही ठीक आहेत, मी आत्ताच माझं हृदय ऐकलं. यांच्याच छातीत आवाज नाहीये. आणि काकांना झोप नाही लागलेली. काका! ओ काका, नाव सांगा तुमचं!"

काकांनी डोळे अर्धवट उघडले. ओठ हलले, शब्द आला नाही. ओठ निळसर झाले होते.

मॅडमनी माझी दुसरी जोडी कानात घातली. दोघींच्या कानांत मी तीच शांतता पोचवली. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ आवाज पोचवले, पण पोचवण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट होती ती हीच.

मॅडमचा चेहरा क्षणात बदलला. "मैना, डॉक्टर! शेजारच्या वॉर्डात, पळ! सांग, दम्याच्या पेशंटची छाती बंद झाली. टॉपर, त्यांना सरळ बसव. आयामावशी, ऑक्सिजन इकडे आणा, आधी इकडे!"

मैना मला गळ्यात तसंच लटकावून सुसाट सुटली. माझे चारही कान वाऱ्यावर. डॉक्टर पाण्याचा पेला हातातच धरून धावत आले.

हे सगळं का झालं, ते सोपं करून सांगतो. आपल्या छातीत हवेच्या नळ्या असतात. दम्यात त्या आतून सुजतात, आवळतात, चिकट होतात. अरुंद वाटेतून वारा जोरात गेला की शीळ वाजते. पण वाट पारच आवळली, माणूस दमून गेला आणि वाराच जाईनासा झाला, तर शीळ वाजणार कशी? जवळच्या माणसांना वाटतं, बरं वाटलं. खरं तर तो सगळ्यात वाईट क्षण असतो. पुस्तकात हे लिहिलेलं असतं. पण खाटेजवळ उभं राहून, सगळे 'आता आराम पडला' म्हणत असताना ते ओळखायचं, हे वेगळंच काम आहे.

काकांना ऑक्सिजन लागला, सुई गेली, पाठोपाठ वाफ सुरू झाली. अतिदक्षता विभागातून माणसं खाटेशी आली. काकू भिंतीला टेकून पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. डॉक्टरांनी वर न बघताच सांगितलं, "छाती ऐकत राहा." मैना ऐकत राहिली. तिच्या कानात एक जोडी, मॅडमच्या कानात दुसरी. दोघींच्या मधे मी. एवढा ताठ मी कधीच राहिलो नव्हतो.

किती तरी वेळ काही नाही. मग अगदी बारीक, किटलीत वाफ धरू लागावी तसं काहीतरी. मग जरा मोठं. मग चांगली खणखणीत शीळ!

ती खाटेबाहेर ऐकू आली तशी काकू किंचाळल्या, "अहो, परत सुरू झाली शिट्टी! देवा, परत सुरू झाली!"

आणि मैना रडत रडत हसायला लागली. "वाजू द्या काकू! वाजू द्या! वारा जायला लागला आत!"

मॅडमनी कानातून माझी टोकं काढली. मग सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "मी तुझ्याकडे बघत होते गं, पेशंटकडे नाही. तू मात्र त्यांच्याकडे बघत होतीस." पारा मॅडमच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि माझं ऐकणं कमी नाही!

मैनेचं पुढचं वर्ष नक्की झालं, हे वेगळं सांगायला नको. त्या संध्याकाळी तिने घरी आईला सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना हसत हसत म्हणाली, की आता आई गल्लीतल्या लोकांना दुप्पट वेळ अडवून धरणार. आत्याने दुकानातून पांढरं कापड पाठवलं, नव्या गणवेशासाठी.

काका बरे होऊन घरी जायला निघाले, तेव्हा मैना शेवटचं तपासायला मला घेऊन गेली. तिने ऐकलं आणि मान डोलावली. काका म्हणाले, "पोरी, तू एकटीच ऐकणार होय? माझी छाती, आणि मलाच पत्ता नाही!"

मैनेने माझी दुसरी जोडी त्यांच्या कानात घातली. काकांनी श्वास घेतला. सोडला. परत घेतला. आयुष्यभर भट्टीला वारा घालणारा तो माणूस तोंड उघडं ठेवून स्वतःचा वारा ऐकत राहिला. मग त्यांनी टोकं काढली आणि काकूंच्या कानात घातली. काकूंनी ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. "आता नाकाला फडकं बांधणार ना?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "तू म्हणशील ते बांधतो."

मित्रांनो, मी जुना आहे, पण निकामी नाही. मला उन्हात टाकू नका, नळी दुमडून कोंबू नका, कानात घालण्याआधी टोकं पुसा आणि चकती पेशंटच्या अंगाला लावण्याआधी तळहातावर जरा ऊबदार करा. एवढं केलंत तर मी तुमच्या मुलींनाही शिकवीन. आणि छाती ऐकताना मनात ठरवलेलं ऐकू नका, तिथे असेल तेवढंच ऐका. ऐकू आलं नाही तर न लाजता तसं सांगा. एका मुलीने ते सांगितलं, म्हणून आज एक माणूस आपल्या भट्टीसमोर बसून पावाचा वास घेतोय, फडक्याआडून का होईना.